सेंट लॉरेन्स नदी आणि तिचे चार फूट

ज्या दिवसांत आपल्याकडे वसंतातली व्याख्याने रंगतात त्या दिवसांत आपल्या नद्या पात्रातल्या एखाद्या धारेपुरत्या उरलेल्या असतात. त्या पुन्हा भरावयाच्या त्या मृगानंतर. परंतु नेमक्या याच दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, उत्तर अमेरिकेतील सेंट लॉरेन्स नदीची स्थिती अगदी उलट असते. हिवाळाभर साचलेले बर्फ वितळू लागते, त्यात पावसाची भर पडते, आणि नदी व तिच्या उगमाशी असलेले ऑन्टारिओ सरोवर ही दोन्ही चढू लागतात. उन्हाळ्याच्या आरंभी पाणी सर्वांत वर असते. तेथून ते उतरत उतरत हिवाळ्याच्या तोंडाशी तळाला जाते. हा क्रम हजारो वर्षांचा आहे. कोणता मासा केव्हा अंडी घालील, कोणते गवत काठावर कोठवर चढेल, कोणता पक्षी घरटे कोठे बांधील, हे सारे त्यावरून ठरत आले. आपण जसे पंचांग पाहून पेरणीचा नि लग्नकार्याचा विचार करतो, तसे तेथील जीवमात्र पाण्याची पातळी पाहून आपला संसार मांडतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर माणसाने या नदीवर धरण बांधले आणि हे पंचांग आपल्या हाती घेतले. पुढे सुमारे साठ वर्षांनी त्यातला थोडासा भाग नदीला परत देण्याचे ठरले. घेण्याचे काम चार वर्षांत उरकले होते. परत देण्याचा निर्णय व्हावयास सोळा वर्षे लागली, आणि दिल्यावर पहिल्याच वर्षी काठावरचे लोक दाराशी वाळूची पोती रचून बसले! हा इतिहास आज आम्हांला मांडावयाचा आहे. नदीचे पाणी कोणाचे, हा वाद आपल्याला चांगला परिचित आहे. पाण्याच्या वर जाण्यावर आणि खाली येण्यावरही कोणाचा हक्क असू शकतो, हा विचार मात्र आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही.

प्रथम या नदीची रचना पाहू. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारिओ ही पाच महासरोवरे जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरत आली आहेत. ईरीचे पाणी नायगराच्या धबधब्यावरून कोसळून ऑन्टारिओत येते. ऑन्टारिओ हे पाचांतले शेवटचे आणि विस्ताराने सर्वांत लहान. लहान म्हणजे किती? सुमारे १९,००० चौरस किलोमीटर. आपला सबंध पुणे जिल्हा त्यात ठेवला तरी वर जागा उरेल. त्याच्या उत्तर तीरावर टोरोंटो शहर आहे. तेथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या नळाला येणारे पाणी याच सरोवराचे होय. सरोवराच्या पूर्व टोकाशी, किंग्स्टन गावाजवळ, सेंट लॉरेन्स नदी निघते. सहस्रद्वीप म्हणून प्रसिद्ध असलेल्या बेटांच्या झुंबडीतून वाट काढीत ती ईशान्येकडे जाते, काही अंतर कॅनडा व अमेरिका यांची सरहद्द बनते, मॉन्ट्रियलवरून वाहते आणि शेवटी अटलांटिक महासागराला मिळते.

नदीचे युरोपीय नाव एका सणावरून पडले. जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी १५३५ च्या ऑगस्टच्या दहाव्या तारखेला, संत लॉरेन्सच्या दिवशी, तेथील एका उपसागरात होता. त्याने उपसागराला दिलेले नाव पुढे नदीला चिकटले. त्याच सालच्या ऑक्टोबरात तो हल्लीच्या मॉन्ट्रियलपाशी पोचला आणि तेथेच थांबला, कारण पुढे नदी खडकांवरून उसळत येत होती. भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांना द्रुतवाह म्हणतात त्यांचीच ही रांग. चीनला जाण्याची वाट शोधणाऱ्यांची थट्टा म्हणून त्यांतल्या एकाजवळच्या वस्तीला ‘लाशीन’, म्हणजे चीन, असे नाव पडले असे सांगतात. या नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मोहॉक लोक मात्र तिला आपल्या भाषेत ‘मोठा जलमार्ग’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. त्यांच्या होड्यांना खडकांची अडचण नव्हती. लाटांतून नेता येत नसेल तेथे होडी डोक्यावर घेऊन ते चालत जात.

या द्रुतवाहांपैकी गॅलो नावाचा एक सरोवराकडून येताना पहिल्याने लागे. तो नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा विलक्षण संबंध येणार आहे. गॅलोपाशी नदीच्या तळाला खडकाचा एक उंबरठा होता. सरोवर चढले की त्या उंबरठ्यावरून जास्त पाणी जाई. सरोवर उतरले की कमी. एवढ्या अवाढव्य जलाशयाचा सारा कारभार हा एक खडक पाहत होता. त्याला कचेरी नव्हती की कारकून नव्हता. अर्थात हा कारभार माणसाच्या सोयीचा होता असे नव्हे. १९३४-३५ च्या सुमारास सरोवर फार खाली गेले होते आणि १९५२ साली फार वर आले. या दोन टोकांत जवळजवळ साडेसहा फुटांचे अंतर होते.

आता माणसांच्या व्यवहाराकडे वळू. १९०९ च्या जानेवारीत अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात सरहद्दीवरील पाण्याविषयी एक तह झाला. त्या तहाने एक आंतरराष्ट्रीय संयुक्त आयोग निर्माण केला: सहा सभासद, प्रत्येक देशाचे तीन. दोन राष्ट्रे एका पाण्याचा कारभार शंभरांहून अधिक वर्षे एकत्र बसून करीत आहेत, ही गोष्ट जगात दुर्मिळ म्हणावी लागेल आणि तिचे श्रेय त्या तहाला दिले पाहिजे. त्याच्या आठव्या कलमात पाण्याच्या उपयोगांचा अग्रक्रम लावून दिला आहे. पहिला मान पिण्याचा नि घरगुती वापराचा व स्वच्छतेचा, दुसरा नौकानयनाचा, तिसरा वीज आणि सिंचन यांचा. मासे, पाखरे, दलदल यांचे त्या क्रमात नावही नाही. तह करणाऱ्यांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. १९०९ साली मासा हा संपणारा पदार्थ आहे असे फार थोड्यांना वाटत असेल, आणि दलदल म्हणजे तर भराव घालून उपयोगात आणण्याची पडीक जागा. पण कागदावर ज्याचे नाव नाही त्याचा वाटा बाजूला ठेवण्याची कोणालाच आठवण होत नाही. घरच्या वाटणीपत्रांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

समुद्रातली मोठी जहाजे थेट सरोवरांपर्यंत न्यावी आणि द्रुतवाहांच्या उतारावर वीज निर्माण करावी, ही कल्पना कित्येक दशके चर्चेत होती. जुने कालवे होते, पण ते अवघे चौदा फूट खोल. अमेरिकेतील रेल्वे कंपन्या आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदरे यांना नवा जलमार्ग नको होता. अखेर कॅनडाने एकट्याने तो बांधण्याची तयारी दाखविली तेव्हा अमेरिका जागी झाली. १९५२ च्या ऑक्टोबरात आयोगाने वीज प्रकल्पाला संमती दिली आणि १९५४ च्या ऑगस्टात काम सुरू झाले. अमेरिकेच्या मॅसीना आणि कॅनडाच्या कॉर्नवॉल या गावांच्या मध्ये नदीच्या आरपार जे वीजगृह उभे राहिले त्यात बत्तीस यंत्रे आहेत, सोळा या देशाची आणि सोळा त्या देशाची. सरहद्दीची रेषा बरोबर मधून जाते. न्यूयॉर्कचे रॉबर्ट मोझेस आणि ऑन्टारिओचे रॉबर्ट साँडर्स या दोन वीजमंडळ-प्रमुखांची नावे त्याला मिळाली. त्याच्या जोडीला २७ फूट खोलीचा सागरमार्ग तयार झाला. १९५९ च्या जूनमध्ये राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याचे उद्घाटन केले.

या समारंभाच्या आधी वर्षभर जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. धरणामागे जे तळे व्हावयाचे होते त्याच्या पोटात कॅनडाच्या बाजूची अनेक जुनी गावे होती: मिल रोश, मूलिनेट, वेल्स, डिकिन्सन्स लँडिंग, फॅरन्स पॉइंट, ऑल्ट्सव्हिल आणि आणखी काही. सुमारे साडेसहा हजार माणसांना उठावे लागले. पुष्कळशी घरे तर जशीच्या तशी उचलून अवजड गाड्यांवरून नव्या वसाहतींत नेली. गृहिणींना सांगण्यात आले होते, कपाटातल्या बश्याही काढू नका, एकही फुटणार नाही. आणि बश्या बहुधा फुटल्या नाहीतही. पण जी झाडे पणज्याने लावली होती ती तोडून टाकावी लागली आणि नदीकाठचा जुना रस्ता पाण्याला द्यावा लागला. १ जुलै १९५८ रोजी, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, सकाळी आठ वाजता, तीस टन सुरुंगाने तात्पुरता बांध उडविला. लोक पाहावयास जमले होते. पाण्याचा एखादा प्रचंड लोंढा येईल अशी त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात पाणी हळूहळू पसरत गेले आणि चार दिवसांत तळे भरले. त्या गावांना आजही ‘हरवलेली गावे’ म्हणतात. तळ्याचे पाणी फार उतरले की जुन्या रस्त्यांचे तुकडे आणि घरांचे पाये वर दिसू लागतात. त्याच सुमारास आपल्याकडे कोयनेचे काम चालू होते; तेव्हा या प्रसंगावर अधिक भाष्य मराठी वाचकांसाठी नको.

धरणाच्या पायथ्याशी अक्वेसास्ने ही मोहॉकांची वस्ती आहे. सरहद्द तिच्या अंगावरूनच जाते. त्यांच्या जमिनीचा काही भाग प्रकल्पाने घेतला आणि त्यांच्या मासेमारीवर संकट आले. स्टर्जन हा त्यांचा मोठा मानाचा मासा. तो अंडी घालावयास खळाळत्या उथळ पाण्यात जातो. ते पाणीच तळ्याखाली गेले.

धरणाबरोबर प्रश्न आला तो असा: सरोवरातून दर आठवड्याला किती पाणी सोडावे? गॅलोचा खडक जहाजांसाठी नि विजेसाठी खोदून काढला होता. खडकाच्या जागी आता मंडळ आले. या मंडळाने तिघांचे ऐकावयाचे होते. जहाजवाल्यांना खोली हवी. वीजवाल्यांना सतत प्रवाह हवा. आणि काठावर घरे असलेल्यांना पाणी वर यावयास नको, विशेषतः १९५२ च्या चढलेल्या पाण्याने अनेक घरांचे नुकसान झाल्यावर. या तिघांच्या समाधानासाठी सरोवर शक्यतो चार फुटांच्या पट्ट्यात ठेवावे असे आयोगाने ठरविले. आजच्या मापनाने तो पट्टा समुद्रसपाटीपासून २४३.३ ते २४७.३ फूट असा येतो. ‘शक्यतो’ हा शब्द आमचा नाही. त्याच अर्थाची सवलत हुकुमातच होती, आणि हुकूम लिहिणारे शहाणे होते असे त्यावरून दिसते. १९६३ पासून जी विसर्ग-योजना अमलात आली ती ‘१९५८-ड’ या रुक्ष नावाने ओळखली जाते. ती १८६० ते १९५४ या काळातल्या पाण्याच्या हिशोबावर बेतली होती. योजना लागू होते न होते तोच १९६४ ची अवर्षणाची साल आली आणि नंतर १९७० च्या दशकात अतिवृष्टीची. जुन्या हिशोबात अशी वर्षे नव्हतीच. तेव्हा मंडळ योजना बाजूला ठेवून स्वतःच्या अकलेने पाणी सोडू लागले, आणि पुढे हा अपवादच नेम झाला.

काठावरच्या लोकांना हे मानवले. चार फुटांच्या आश्वासनावर विश्वास ठेवून पाण्याच्या अगदी लगत घरे उठली, धक्के झाले, हिरवळी लागल्या. पाणी फार वर येत नाही, फार खालीही जात नाही; याहून चांगले ते काय?

दलदलीतली गोष्ट निराळी होती. ऑन्टारिओ सरोवर आणि नदीचा वरचा भाग यांच्या काठी सुमारे ६४,००० एकर पाणथळ आहे. त्याची मांडणी पायऱ्यांची असते. अगदी वर झुडपे. त्यांच्या खाली लव्हाळा आणि गवत यांची ओली कुरणे. त्यांच्याही खाली पाणकणीस. मग कमळवर्गीय वनस्पती आणि उघडे पाणी. पाणकणीस आपल्याकडच्या तळ्यांतही असतेच. तपकिरी कणसाची, उंच, सरळ पात्यांची ही वनस्पती एरवी निरुपद्रवी. पण ऑन्टारिओच्या काठी तिच्या दोन जातींच्या संकरातून एक दांडगी जात पसरली आहे. एकदा ती रुजली की दुसऱ्या कशाला उभे राहू देत नाही.

तिला आवर घालणारे दोनच उपाय निसर्गापाशी होते. एक म्हणजे काही वर्षांच्या अंतराने येणारा पाण्याचा मोठा उतार. पाणी सबंध उन्हाळाभर खाली राहिले की काठावरचा चिखल उघडा पडतो, वरच्या बाजूचे पाणकणीस कोरडे पडून हटते, आणि चिखलात वर्षानुवर्षे निजून राहिलेले लव्हाळ्याचे नि गवताचे बी उगवते. मधूनमधून येणारे मोठे पाणी दुसरे काम करते. ते वरून खाली सरकू पाहणाऱ्या झुडपांना बुडवून मारते. अशा रीतीने उताराने खालचा शत्रू आवरावा आणि चढाने वरचा, आणि मध्ये कुरण टिकावे. पुरात झाडे जातात आणि लव्हाळा वाचतो, ही गोष्ट आपण संतवाणीतून लहानपणीच शिकतो. सेंट लॉरेन्सच्या काठी लव्हाळा गेला तो पूर आणि ओहोटी दोन्ही थांबल्यामुळे. पाणी एका मापात ठेवल्याबरोबर पाणकणीस एकेक पाऊल वर चढत गेले आणि कुरणे त्याखाली गेली. दुरून पाहणाराला सारे हिरवेगार दिसे. नाश झाला आहे हे ओळखावयास वनस्पतिशास्त्रज्ञच लागला.

दुसरा उपाय होता मस्करॅट. घुशीहून मोठा, दाट केसांचा हा पाण्यातला प्राणी पाणकणीस खातो आणि त्याच्याच पात्यांचे घर पाण्यात रचतो. त्याच्या खाण्याने दाट रानात मोकळ्या पाण्याची भोके पडतात. त्यांत बदके उतरतात, काळे सुरय त्यांच्या कडेला तरंगती घरटी करतात. पण मस्करॅटला हिवाळ्यात पाणी स्थिर हवे. नव्या कारभारात शरद ऋतूपासून पाणी खूप खाली नेले जाई. घर बांधले पाण्यात आणि ऐन थंडीत ते कोरड्यावर, अशी त्याची दशा होई. मस्करॅट कमी झाले आणि पाणकणसाचे रान अधिकच मिटत गेले.

तिसरा साक्षीदार पाइक मासा. हा वसंताच्या अगदी आरंभी, बर्फ वितळताच, बुडालेल्या कुरणांत शिरून गवताच्या पात्यांवर अंडी घालतो. त्यासाठी कुरण पाहिजे, आणि त्या कुरणावर नेमक्या त्या पंधरवड्यात पाणीही पाहिजे. कुरणाच्या जागी पाणकणीस आले आणि वसंतात पाणी वेळेवर पोचेनासे झाले. पाइकचे एकाच वेळी दोन्हीकडून अडले. या तीन जिवांची उदाहरणे आम्ही मुद्दाम विस्ताराने दिली. पर्यावरण हा शब्द आता इतका सैल वापरला जातो की त्यातून काहीच डोळ्यांपुढे उभे राहत नाही. येथे उभे राहते ते एवढे: एका प्राण्याचे घर, एका माशाची अंडी, एका गवताचे बी, आणि त्या तिघांच्या मुळाशी पाण्याचे काही इंच.

२००० साली दोन्ही सरकारांनी पैसे देऊन एक मोठी पाहणी सुरू केली. ती पाच वर्षे चालली आणि तिच्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. १९०९ च्या क्रमात ज्याला नाव नव्हते त्याला या पाहणीत प्रथमच बरोबरीची जागा मिळाली. जहाजे, वीज, घरे आणि नौकाविहार यांच्या तोट्या-फायद्याशेजारी कुरणांचे एकर आणि पाइकची पिले मोजण्यात आली. त्यातून अनेक योजना पुढे आल्या. २००८ मध्ये आयोगाने एक मवाळ योजना मांडली, ती कोणालाच पटली नाही आणि परत घ्यावी लागली. काठावरचे घरमालक, नौकावाले, निसर्गप्रेमी, मोहॉक, मॉन्ट्रियलचे लोक असा वाद पुन्हा नव्याने चालला. शेवटी ‘योजना २०१४’ तयार झाली, तिला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०१७ पासून ती सुरू झाली.

आता त्या गॅलोच्या खडकाकडे परत जाऊ. नव्या योजनेच्या मुळाशी जे गणित आहे ते, सरोवर अमुक उंचीवर असता धरणापूर्वी नदीतून किती पाणी गेले असते, या हिशोबावर उभे आहे. त्यावर जहाजांसाठी, बर्फासाठी, पुरासाठी पुष्कळ मर्यादा घातल्या आहेत हे खरे. तरी मूळ सूत्र त्या उंबरठ्याचे. जो खडक १९५० च्या दशकात खोदून फेकून दिला, त्याला इतक्या वर्षांनी सूत्राच्या रूपाने पुन्हा कामावर बोलावले! इतिहासात असा न्याय क्वचित होतो.

किती दिले, हेही पाहावे. आयोगाच्या अंदाजाप्रमाणे नव्या योजनेत सरोवर जुन्यापेक्षा जास्तीत जास्त सुमारे सहा सेंटिमीटर वर जाईल आणि सुमारे वीस सेंटिमीटर अधिक खाली उतरेल. वीत-दीड विताचा हा व्यवहार. त्यातून ओली कुरणे सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतील. उलट बाजूला, किनाऱ्यावरील मालमत्तेचे वार्षिक नुकसान अंदाजे एक कोटी ऐंशी लाख डॉलरांवरून दोन कोटींवर जाईल. धरण अजिबात नसते तर ते याच्या दुपटीहून अधिक असते. हे आकडे आयोगाने लपविले नाहीत. पण ते वीस लाख डॉलर ज्यांच्या अंगणातून जावयाचे त्यांच्यासाठी भरपाईची निराळी व्यवस्था योजनेबरोबर झाली नाही. आमच्या मते या साऱ्या कारभारातले कच्चे बोट येथेच होते. साठ वर्षांपूर्वी दलदलीचा वाटा न विचारता घेतला, हे चूक. तो परत देताना काठावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला ‘तुमचे थोडे जाईल, पण एकंदरीत हितच आहे’ एवढेच सांगणे हेही पुरेसे नव्हे.

आणि मग २०१७ चा वसंत आला. एप्रिल-मेमध्ये त्या मुलखात विक्रमी पाऊस पडला. मॉन्ट्रियलजवळ सेंट लॉरेन्सला मिळणाऱ्या ओटावा नदीला महापूर आला. मॉन्ट्रियलमधील घरे आधीच पाण्यात होती. वरून सरोवराचे पाणी सोडले तर शहर आणखी बुडणार, न सोडले तर सरोवर चढणार. मंडळाने दोन्हीकडचे दुःख वाटून घेण्याचा प्रयत्न केला. सरोवर मेच्या अखेरीस ७५.८८ मीटरवर, म्हणजे सुमारे २४९ फुटांवर, गेले; १९१८ पासूनच्या नोंदींत इतके पाणी आढळत नव्हते. टोरोंटोची बेटे जुलैअखेरपर्यंत लोकांना बंद राहिली. न्यूयॉर्क राज्याच्या काठावर तळघरे भरली, धक्के मोडले, सांडपाण्याच्या टाक्या निकामी झाल्या. पाणी उतरविण्यासाठी नंतर सेकंदाला १०,४०० घनमीटर असा विक्रमी विसर्ग कित्येक आठवडे चालू ठेवला गेला. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, तेच पुन्हा घडले आणि सरोवर आणखी चार सेंटिमीटर वर गेले.

योजना जानेवारीत सुरू झाली आणि मेमध्ये पूर आला. काठावरचा माणूस यावरून जो निष्कर्ष काढील तो त्याने काढला. दलदलीतल्या उंदरांसाठी आमची घरे बुडविली, असे सभांतून उघड बोलले गेले. २०१९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्याने आयोगावरच खटला भरला.

या आरोपात तथ्य किती? आमच्या मते फार थोडे, आणि ते मत साध्या अंकगणितावर आहे. १९,००० चौरस किलोमीटरचे सरोवर एका आठवड्यात एक सेंटिमीटर उतरवावयाचे तर नदीत सेकंदाला तीनशेहून अधिक घनमीटर पाणी जादा सोडावे लागते. एक फूट उतरवावयाचे तर साडेनऊ हजार घनमीटर. नदीचा नेहमीचा प्रवाह सुमारे सात हजारांचा आहे! म्हणजे आठवडाभर नदी दुपटीहून मोठी करावयाची, तीही खाली मॉन्ट्रियल पाण्यात असताना. वरून ईरीचे जे पाणी नायगरावरून येते ते तर कोणाच्याच हाती नाही. मंडळाने नंतर हिशोब केला तेव्हा जुनी योजना असती तरी पाणी जवळजवळ तेवढेच चढले असते असे दिसून आले. पूर आणला तो पावसाने.

परंतु घरमालकांची तक्रार केवळ अज्ञानाची होती असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांना एक वचन दिले गेले होते. चार फुटांच्या पट्ट्यातला ‘शक्यतो’ हा शब्द हुकुमात होता; घर विकणाऱ्याने तो घर घेणाऱ्याला वाचून दाखविला नव्हता. पन्नास वर्षे पाणी बहुधा मर्यादेत राहिल्यावर माणूस मर्यादेला निसर्गनियम समजू लागतो आणि तिच्यावर घर बांधतो. धरणाने दलदलीची सवय मोडली तशी माणसाला नवी सवय लावली. पहिली सुधारावयास निघाल्यावर दुसरीशी गाठ पडली.

२०१९ नंतर न्यूयॉर्क राज्याने किनारा सावरण्यासाठी तीस कोटी डॉलरपर्यंतचा कार्यक्रम जाहीर केला. रस्ते उंच करणे, सांडपाण्याची व्यवस्था पाण्यापासून दूर नेणे अशी कामे त्यात होती. भरपाईचा जो विचार २०१६ मध्ये व्हावयास हवा होता तो असा पुरानंतर, दुसऱ्या दाराने झाला. २०२० च्या फेब्रुवारीत आयोगाने योजनेचे त्वरित पुनरावलोकन करावयाचे ठरविले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा पहिला टप्पा पुरा झाला. त्यात योजना मोडण्याचा प्रश्न नव्हता. पाणी फार चढू लागले तर मंडळाने नेहमीचा विसर्ग केव्हा आणि किती बदलावा, आणि तसे करताना वरच्या नि खालच्या काठांवर कोणाचे किती नुकसान होईल, हे आधी दिसावे अशी साधने त्यात तयार झाली. विसर्ग वाढविला की धरणालगतचे तळे मात्र खाली जाते. तेथील होड्या चिखलात रुततात आणि त्या बाजूचे लोक मंडळाकडे तक्रार घेऊन येतात.